अंगाचा रंग

"डोळे उघडले की आधी ह्याच्याकडं बघायचं," आत्याबाई म्हणाल्या आणि ओठांत धरलेला खिळा काढून भिंतीत ठोकायला लागल्या. "मग बाकीच्या जगाकडं."

मी बाजेवर बसून बघत होते. पाचवा महिना सरत आला होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सगुणाबाई त्रिभुवन. आमच्या नगरकडं सासूला आत्याबाई म्हणायची रीत. त्यांनी खिळा दोनदा हलवून पाहिला आणि त्यावर नाताळाच्या कॅलेंडरचं पान टांगलं. पानावर बाळ येशू होता. सोनेरी कुरळे केस, निळे डोळे आणि पिकलेल्या पेरूच्या गरासारखे गुलाबी गाल.

"पोटुशी बाई जे बघती, तसं लेकरू होतं," त्या म्हणाल्या. "शांतवनच्या वेळी मी असंच चित्र लावलं होतं. बघ की कसा गव्हावाणी झालाय."

"आणि नाही बघितलं तर?"

त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तुझ्यावर जाईल," म्हणाल्या. त्यात खवचटपणा अजिबात नव्हता. उघडं ठेवलं तर दूध नासेल, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मी काळी. सावळी म्हणून सोडून द्यावं अशी नव्हे, काळीच. आत्याबाई मात्र चांगल्या उजळ. मी मॅट्रिक झालेली, म्हणून सासऱ्यांनी मला पसंत केलं होतं. लग्नानंतर वर्षभरात ते गेले आणि माझी बाजू घेणारं घरात कोणी राहिलं नाही. नवरा शांतवन साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा. यायचा तो रविवारीच. माझी आई मी लहान असतानाच वारलेली, त्यामुळं पहिलं बाळंतपणही सासरीच व्हायचं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालची, करंजवाडीची. ओढ्याकाठी ख्रिस्ती लोकांची पंचवीस-तीस घरं आणि मधोमध दगडी देऊळ. वेदीमागे मरियामाउलीचं एक मोठं चित्र होतं, फार जुनं, कुणा परदेशी फादरांनी बोटीनं आणलेलं. त्या हिवाळ्यात ते साफ करायला उतरवलं तर मागून वाळवीनं सगळं पोखरलेलं. कापड हातात आलं आणि माउलीच्या चेहऱ्याचा भुगा जमिनीवर पडला.

आमचे फादर रुमाव वसईकडचे, वयानं तरुण. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"इस्तेर, तुझे वडील मिशनच्या शाळेत ड्रॉइंगमास्तर होते ना?"

"हो फादर."

"तुला येतं?"

"वडिलांबरोबर पाट्या रंगवल्यात. देखावे केलेत. माउली कधी नाही काढली."

"मग आता काढ. मे महिन्यात माउलीच्या भक्तीला ही भिंत रिकामी नको."

शांतवननं सायकलला बांधून मोठं फळकूट आणलं. मी माहेरून आणलेली वडिलांची रंगपेटी उघडली. बऱ्याच ट्यूबा वाळून गेल्या होत्या, पण एक जवळपास भरलेली होती. तिच्यावर इंग्रजीत 'फ्लेश टिंट' लिहिलेलं. लहानपणी मी विचारलं होतं, तेव्हा वडील म्हणाले होते, "म्हणजे अंगाचा रंग." ट्यूब दाबली की गुलाबी रंग यायचा. कुणाच्या अंगाचा, हे काही तेव्हा मी विचारलं नाही.

दुपारी देवळाशेजारच्या शाळेच्या खोलीत बसून मी काम सुरू केलं. जुनं चित्र मला पाठ होतं. निळा झगा जमला, पडदे जमले. चेहऱ्यांना मी तो ट्यूबमधला रंग लावला. दोन्ही चेहरे यात्रेतल्या बाहुल्यांसारखे झाले. तीनदा पुसले, तीनदा तसेच झाले. आत्याबाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "झ्याक. पण गालावर आणिक लाली दे." पुढं मला वाकता येईना, तसं फळकूट भिंतीकडं तोंड करून ठेवून दिलं.

मार्चमध्ये एका सकाळी मिशनच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. सिस्टरनं तिला गुंडाळून आत्याबाईंच्या हातात दिलं. आत्याबाईंनी दुपट्याची कड बाजूला करून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सिस्टर, पुसलंय ना नीट?"

"पुसलंय आजी. तुमची नात चांगली सव्वासहा पौंडांची आहे."

"वजनाचं नाय म्हणत मी," आत्याबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्या बाजेसमोर उभ्या राहिल्या. कॅलेंडरवरच्या बाळाला म्हणाल्या, "एवढं रोज बघितलं पोरीनं. तुझा काय उपयोग झाला रे, बाबा?" मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

त्यांचं नातीवर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. बाप्तिस्म्यात ठेवायचं नाव, करुणा, त्यांनीच सुचवलं. रात्रंदिवस तिला मांडीवरून खाली ठेवत नसत. रोज सकाळी न्हाणीत पाटावर बसायच्या, पाय लांब करायच्या आणि नडगीवर तिला घेऊन तेल चोळायच्या. हात असे फिरायचे की बघत राहावं. पण तेल झालं की हरभऱ्याचं पीठ आणि साय यायची. मग त्या घासायला लागायच्या. कपाळ, मान, कोपरं, गुडघे. पोर किंचाळायची.

"आत्याबाई, जरा हळू."

"आत्ताच निघतो रंग. एकदा का कातडी मुरली की मग काय बी होत नाय."

चाळीस दिवस होत आले तेव्हा करुणाच्या मानेच्या वळीत लालभडक चट्टा उठला. दुसऱ्या दिवशी त्यातून पाणी यायला लागलं. त्या दिवशीही आत्याबाईंनी पिठाची वाटी जवळ ओढली. पोर रडून रडून निळी पडली होती. मी कशी उठले ते मला आठवत नाही. मी वाकून त्यांच्या पायांवरून पोर उचलली.

"बास," मी म्हणाले. "तिचा रंग निघणार नाही. ती अशीच आहे."

आत्याबाईंचे दोन्ही हात पिठानं भरलेले तसेच हवेत राहिले. लग्नापासून मी त्यांना उलटा शब्द बोलले नव्हते.

"मी काय वाईटासाठी करती व्हय?" त्या म्हणाल्या. "उद्या तिला बघायला येत्याल आणि चहा पिऊन निघून जात्याल, तवा कळंल तुला."

"मला माहितीय ते. माझ्या घरून सातजण चहा पिऊन गेलेत."

त्या उठल्या, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. स्वयंपाक व्हायचा, ताट वाढलं जायचं, पण शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न्हाणीकडं फिरकल्याच नाहीत.

मग मीच पाटावर बसले. लुगडं गुडघ्यांवर खोचलं, पाय लांब केले, करुणाला नडगीवर ठेवलं. मला येत नव्हतं. एकदा ती दोन पायांमधून घसरली, एकदा तिच्या नाकात पाणी गेलं. दोघी रडलो. शेवटी कशीबशी आंघोळ झाली आणि ती दमून शांत झाली. न्हाणीच्या कौलातून ऊन आत येत होतं. मी खाली बघितलं. माझे ओले पाय आणि त्यावर ती. तिची पाठ कुठं संपते आणि माझी नडगी कुठं सुरू होते, ते कळत नव्हतं. एकाच रंगाचा एक सलग तुकडा, आणि त्यावर उन्हाची निळसर, तांबूस चकाकी.

त्या दुपारी करुणाला पाळण्यात झोपवलं, ओट्यावर आत्याबाई होत्याच; मी शाळेच्या खोलीत गेले आणि फळकूट सरळ करून अख्खं खरवडून काढलं.

पुढचे तीन आठवडे दुपारी ती झोपली की मी जायचे. गेरूसारखा तांबडा रंग, पिवळी माती, थोडासा निळा. नवी माउली सिंहासनावर नव्हती. न्हाणीत पाटावर बसलेली, पाय लांब केलेले, निळं लुगडं गुडघ्यांवर खोचलेलं. नडगीवर बाळ, एका हातात तांब्या. या वेळी चेहरा एकदाच काढला, पुसावा लागला नाही.

फादर रुमाव एकदा दारात येऊन उभे राहिले. चित्र दिसलं तसे उंबऱ्यातच थबकले.

"नको का, फादर?" मी विचारलं.

"तसं नाही." ते आत आले. "रोमला शिकायला होतो तेव्हा तिथल्या देवळांत सगळ्या माउल्या तिथल्याच बायकांसारख्या दिसायच्या. आमच्या वर्गात युगांडाचा एकजण होता. तो म्हणायचा, यांनी आपापल्या आया काढल्यात, आम्ही काढल्या की मात्र लोक विचारतात ही कोण." मग म्हणाले, "इथंही विचारतील. तयारी ठेव."

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी चित्र वेदीमागे लागलं. मिस्सेची उपासना सुरू असेपर्यंत लोक गप्प होते. पण शेवटचा आशीर्वाद झाल्यावर कुणी उठेना. पुरुषांच्या बाजूनं पगारे मास्तर उभे राहिले. ते आमचे जुने धर्मशिक्षक. वस्तीतल्या निम्म्या लोकांना अक्षरं त्यांनीच शिकवलेली. मलाही त्यांच्याबद्दल आदर होता.

"फादर, ही कोण म्हणायची?"

"मरियामाउली, मास्तर."

"आमची माउली गोरी होती."

"मास्तर, नाझरेथ कुठं आहे ते तुम्हीच मुलांना नकाशात दाखवता. तिथली माणसं त्या जुन्या चित्रासारखी नसणार."

"ते मला बी ठावं हाय," मास्तर म्हणाले. "प्रश्न नाझरेथचा नाय, करंजवाडीचा हाय." ते लोकांकडं वळले. "माझ्या आजाला ह्या गावात विहिरीच्या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. तो ह्या देवळात यायचा. समोर ती गोरीपान माउली, सायबाच्या देशातली. ती आपली आई हाय म्हटल्यावर आजा मान वर करून गावातनं चालायला लागला. ही बघा. ही तर आमच्या घरातली. हिच्याकडं बघून मान वर व्हायची कशी?"

मास्तर खोटं बोलत नव्हते.

"आन् लुगडं बघा की," बायकांच्या बाजूनं कुणीतरी पुटपुटलं. "गुडघ्यापर्यंत वर. माउलीचं!"

"सगुणाबाई," मास्तरांनी हाक मारली. "तुमच्या सुनेचं काम हाय. तुम्ही वडीलधाऱ्या. काय ते तुम्हीच सांगा."

सगळ्या माना वळल्या. आत्याबाई मधल्या रांगेत चटईवर बसल्या होत्या, माझ्यापासून चार बायका सोडून. हे नवं चित्र त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वेदीपर्यंत चालत गेल्या. नजर कमी झालेली, म्हणून अगदी जवळ उभ्या राहिल्या. मी करुणाला छातीशी धरून बसले होते. 'पुसून टाक' हे शब्द ऐकायची मी मनाची तयारी केली होती. मागं दाराशी शांतवन उभा होता. त्यानं खाली मान घातली.

आत्याबाईंनी वाकून माउलीच्या पावलांपासून वरपर्यंत सगळं बघितलं. मग वळल्या.

"चित्र चुकलंय," म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली.

"पाय असे फाकवून बसत्यात व्हय? लेकरू मधनं खाली जाईल." त्यांनी चित्राकडं बोट केलं. "आन् हे बघा. पाणी ओतती आन् दुसऱ्या हातानं लेकराचा दंड धरलाय. कपाळावर आडोसा नको? सगळं पाणी नाकात. हिला कुणी शिकवलंच नाय दिसतंय."

एक बाई फिसकन हसली. दुसरीनं तिला गप्प केलं.

"सगुणाबाई, मी रंगाचं विचारतोय," मास्तर म्हणाले.

"थांबा हो मास्तर." त्या सरळ माझ्यासमोर आल्या. महिनाभरानंतर त्यांनी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. हात पुढं केले. "आण इकडं."

मी करुणाला त्यांच्या हातात दिलं. त्या तिथंच, वेदीच्या पायरीखाली, फरशीवर बसल्या, लुगडं गुडघ्यांवर खोचलं आणि पाय लांब केले. सगळ्या देवळासमोर. पाय एकमेकांना चिकटवले, पावलं उभी करून डोक्याला उशी केली आणि त्यावर नातीला निजवलं. करुणाला ती जागा ओळखीची होती. तिनं आळोखेपिळोखे दिले आणि मूठ तोंडात घातली.

"हे असं," आत्याबाई म्हणाल्या. डावा हात तिच्या कपाळावर आडवा धरला. "आन् पाणी हितनं. बघितलंस का गं?"

"बघितलं, आत्याबाई."

"हिला आई नव्हती," त्या लोकांना म्हणाल्या. "तिला कोण दाखवणार? मी दाखवायचं, तर मी ओट्यावर बसून राहिले."

आता बायका उठून पुढं यायला लागल्या. एकजण म्हणाली, आमच्याकडं पालथं आधी घालतात. दुसरी म्हणाली, पालथं मागनं. मघाशी लुगड्याबद्दल पुटपुटलेली बाईच म्हणाली, "मग काय, लुगडं भिजवून न्हाऊ घालायचं का?" बघता बघता वेदीपुढं दहा-बारा बायकांचा घोळका झाला. कुणी वर चित्राकडं बोट दाखवत होती, कुणी खाली करुणाकडं.

मास्तर अजून उभेच होते. "सगुणाबाई, काळा रंग ठेवायचा म्हणता?"

आत्याबाईंनी नातीच्या पोटावरून हात फिरवला, मग वर चित्रातल्या बाळाकडं पाहिलं.

"रंगाचं मला काय कळतंय, मास्तर. तेल जिरलं की पोर अशीच दिसती. तेवढं बरोबर काढलंय तिनं." मग मान खाली घालून, मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून मी घालती आंघोळ. पीठ नाय लावत."

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले, एवढंच.

आठ दिवसांत मी चित्र दुरुस्त केलं. आत्याबाई रोज दुपारी येऊन समोर पाय लांब करून बसायच्या. चित्रातल्या माउलीचा डावा हात आता बाळाच्या कपाळावर आहे. दंड धरलेला जुना हात नीट झाकला गेला नाही. तिरक्या उजेडात अजून दिसतो.

पगारे मास्तरांना ते चित्र कधीच मानवलं नाही. तक्रार परत केली नाही, पण ते खांबाआडच्या जागेवर बसायला लागले. एकदा, खूप वर्षांनी, मला म्हणाले, "इस्तेर, मला सवय होत नाय गं. डोळे मिटले की मला जुनीच दिसती. आजाची." मी म्हटलं, "मास्तर, ती पण खरीच आहे की." ते हसले. मग म्हणाले, "पण नातवंडं हिच्याकडंच बघून हात जोडत्यात. मी आडवं नाय येणार." आणि ते आले नाहीत.

आत्याबाईंनी पुढं माझ्या आणखी दोन मुलांना पायावर घेतलं. वस्तीतल्या निम्म्या बाळंतिणींना त्यांनी आंघोळ घालायला शिकवलं. त्यांना जाऊन आता तीस वर्षं झाली. करुणाला बघायला आलेल्यांतला पहिलाच मुलगा चहा प्यायला आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन परत आला. तिची मुलगी आता कॉलेजात आहे.

देवळात एक रीत पडून गेलीय, कुणी सुरू केली ते सांगता येत नाही. बाळ चाळीस दिवसांचं झालं की बाया त्याला घेऊन वेदीमागं जातात आणि तेलाचं बोट माउलीच्या पायांना लावतात. त्यानं दर दोन-तीन वर्षांनी पायांचा रंग जातो आणि खालचं फळकूट उघडं पडतं. मग फादर मला निरोप धाडतात. हात आता थरथरतो, पण तेवढं जमतं. रंग कालवायला समोर खरे पाय लागतात, म्हणून त्या दिवशी देवळात जी बाई भेटेल तिला मी पायरीवर बसवते.

गेल्या वेळी खुरपणीहून परस्पर आलेली एक सून होती, कडेवर लेकरू घेतलेली.

"जरा पाय लांब कर गं, बाई," मी म्हटलं.

तिनं लाजून पाय लुगड्याखाली ओढले. "माझे? नको ओ आजी. टाचा बघा किती फुटल्यात."

"असू देत," मी म्हटलं, आणि त्या भेगाही काढल्या.